मशेरी सुटली अन् हिरड्यांतून रक्त आलं

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई. मी रेणापूर तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. वय ४६. पाच वर्षांपासून शुगरच्या गोळ्या चालू आहेत. मुलगा पुण्याला असतो. दिवाळीला आला तेव्हा त्याने लातूरच्या लॅबमध्ये माझं सगळ्या तपासण्यांचं पॅकेज करून घेतलं. तीन महिन्यांची शुगर ८.४ आली. एचएस-सीआरपी नावाची एक तपासणी होती, ती ५.२ आली आणि पुढे ठळक अक्षरांत ‘जास्त’ असं लिहिलेलं. मुलगा घाबरला, हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. ईसीजी, टूडी इको सगळं बरं निघालं. डॉक्टर म्हणाले, अंगात कुठंतरी सूज आहे, एकदा दात दाखवून या.

दातांची गोष्ट अशी, की लग्न झाल्यापासून मी मशेरी लावत होते. अंगणवाडीत लेकरांना दात घासायला शिकवायचं आणि घरी येऊन आपणच मशेरी लावायची, याची लाज वाटून यंदा गणपतीत सोडली. तर महिनाभरात हिरड्यांतून रक्त यायला लागलं. आधी कधीच येत नव्हतं. सासूबाई म्हणतात, मशेरीनं हिरड्या आवळून धरल्या होत्या, परत लाव. दातांच्या डॉक्टरांनी हिरड्यांचा आजार सांगितला, साफ करावं लागेल म्हणाले. वर लाळेतल्या प्रथिनांची एक टेस्ट सांगितली, तिचे पैसे वेगळे. शेजारच्या काकू म्हणतात, साफ केलं की दात हलतात, त्यांच्या मालकाचे तसेच गेले. मला तर काही कळेना झालंय. सीआरपी हिरड्यांमुळंच वाढलाय का? लाळेची टेस्ट करू का? आणि रिपोर्ट नॉर्मल आला की आजार गेला असं समजायचं का?
– एक ताई, रेणापूर तालुका

उत्तर :

ताई, तुमचे प्रश्न तीन आहेत, पण मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती ‘परत लाव’ या दोन शब्दांची. म्हणून आधी त्यावर बोलते. मशेरी परत लावू नका. रक्त आलं म्हणून तर मुळीच नाही.

सासूबाईंनी जे पाहिलं ते खरं आहे. मशेरी होती तोवर रक्त नव्हतं, मशेरी गेली आणि रक्त आलं. त्यावरून त्यांनी जे ठरवलं ते मात्र बरोबर नाही. मशेरी म्हणजे तव्यावर भाजलेली तंबाखू, आणि तंबाखूत निकोटीन असतं. निकोटीन बारीक रक्तवाहिन्या आकसून टाकतं. आत सूज असली तरी हिरडी वरून फिकट, टणक, शहाण्यासारखी दिसते आणि रक्त कमी येतं. बिडी-सिगारेट सोडणाऱ्या लोकांमध्ये हे मोजून पाहिलेलं आहे. सोडल्यावर चार-सहा आठवड्यांत त्यांच्या हिरड्यांतून येणारं रक्त वाढतं, आणि तेही ते आधीपेक्षा चांगले दात घासत असताना. तुमचं तसंच झालेलं दिसतं. आजार आधीपासून होता, त्याच्यावरचं झाकण आता निघालं. परत मशेरी लावली तर कदाचित रक्त दिसेनासं होईलही, पण आत हाड झिजत राहील आणि तुम्हाला ते कळणार नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या आईनेही आयुष्यभर मशेरी लावली. सकाळी चुलीवर तवा ठेवून तंबाखू भाजायची, तो उग्र वास घरभर भरायचा, आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. तिच्या हिरड्यांतून रक्त आलेलं मला एकदाही आठवत नाही. दात मात्र एकेक करून हलायला लागले, आणि पन्नाशी ओलांडता ओलांडता तिला कवळी लागली. घरात सगळे म्हणाले, वयोमानच आहे. पन्नास हे काय दात जायचं वय आहे का, ताई? तेव्हा आमच्यापैकी कुणालाच हे विचारायचं सुचलं नाही.

तुम्ही इतक्या वर्षांची सवय लेकरांसाठी सोडली, याबद्दल मला तुमचा फार अभिमान वाटतो. फार तलफ आली तर तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६. तिथं बोला. आणि कुणी म्हणालं की मशेरी दातांना औषध असते, तर त्यांना सांगा की दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारत सरकारने १९९२ सालीच बंदी केली आहे.

आता तुमचा रिपोर्ट.

सीआरपी म्हणजे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन. हे आपल्याच यकृतात तयार होणारं एक प्रथिन आहे. त्यातली ‘सी’ कॅन्सरची नाही, हे आधीच सांगते, कारण ही भीती पोटात घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात असं काहीतरी आढळलं, जे न्यूमोनियाच्या जंतूच्या ‘सी’ नावाच्या घटकाशी चिकटून बसत होतं. नाव तिथून पडलं. पुढे कळलं की हे फक्त न्यूमोनियात वाढत नाही. अंगात कुठंही दाह सुरू झाला की तिथल्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचा निरोप रक्तातून धाडतात, आणि तो पोचला की यकृत सीआरपी बनवायला लागतं. एकदा बनलेला सीआरपी रक्तात फार काळ टिकत नाही, साधारण १९ तासांत निम्मा होतो. म्हणून तो सतत वाढलेला राहत असेल, तर निरोप सतत येतो आहे असं समजायचं.

पण निरोप कुठून आला, हे सीआरपी सांगत नाही. यात सगळ्यांचाच घोटाळा होतो. लेकरं खेळताना अंगणवाडीच्या पत्र्यावर दगड पडला तर आतून आवाज ऐकू येतो, दगड कुणी मारला ते आवाजावरून कळत नाही, तसंच हे आहे. तुमच्या ५.२ मध्ये हिरड्यांचा वाटा असू शकतो. पण पोटावरची चरबीही असाच निरोप पाठवते. तपासणीच्या आधी आठ-दहा दिवसांत सर्दी-ताप येऊन गेला असेल, लघवीला जळजळ असेल, सांधे सुजत असतील, पायाला न भरणारी जखम असेल, तरी सीआरपी वाढतो. शुगर असलेल्या माणसाने पायाची जखम तर रोज बघावी, तळपायासुद्धा.

हृदयाच्या धोक्यासाठी जे आकडे वापरतात, ते २००३ साली अमेरिकेतल्या हृदयविकार संघटनेने आणि तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने ठरवून दिलेले आहेत. लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली कमी धोका, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर आधी ताजा संसर्ग शोधा आणि तो बरा झाल्यावर पुन्हा तपासा, असंही त्यांनी सांगितलं. आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्याकडे पॅकेज विकणारे सांगत नाहीत : एकाच आकड्यावर विसंबू नका, साधारण दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासा आणि सरासरी बघा. तुमची तपासणी एकदाच झाली आहे. दिवाळीच्या दगदगीत, जागरणात, कदाचित सर्दीत. तेव्हा ५.२ या आकड्याला घाबरून जाऊ नका. दुर्लक्षही करू नका.

मग हिरड्यांचा त्यात वाटा किती? वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं, तर हिरड्यांचा मुरलेला आजार असलेल्या लोकांचा सीआरपी निरोगी हिरड्यांच्या लोकांपेक्षा सरासरी दीड मिलिग्रॅमच्या आसपास जास्त भरतो. हिरड्यांवर उपचार केल्यावर तो सरासरी अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास उतरतो. सरासरी आहे ही, कुणाचा जास्त उतरतो, कुणाचा हलतही नाही. पण हे आकडे मी मुद्दाम देते आहे. दात साफ केले की ५.२ चा थेट १ होईल, असं कुणी तुम्हाला सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि साफ करूनही ४.५ च आला, तर ‘पैसे वाया गेले’ असंही म्हणू नका.

हिरडीत नेमकं काय चालतं ते सांगते, म्हणजे लाळेच्या टेस्टचा अर्थ लागेल.

दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा घट्ट बसलेला नसतो. जुनी बाज आठवा, सुतळीनं विणलेली. दात आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये असंच बारीक, चिवट दोऱ्यांचं विणकाम असतं. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे दोरे. दात त्या विणीत टांगलेला असतो, म्हणून तर ज्वारीची कडक भाकरी चावताना तो जरासा दबतो आणि परत जागेवर येतो. आता दाताच्या आणि हिरडीच्या सांध्यात रोजचा चिकट थर साचला, त्यात जंतू वाढले, की शरीर तिथं पांढऱ्या पेशी पाठवतं. त्या पेशींना जंतूंपर्यंत पोचायला वाट लागते. वाट काढायला त्या एक कात्री सोबत आणतात. तिचं नाव एमएमपी-८. कोलॅजन कापणं हेच तिचं काम. जंतू थोडे असले, रोजच्या रोज साफ होत असले, तर कात्री थोडी चालते आणि जखम भरून येते. पण थर वर्षानुवर्षं तसाच राहिला, तर पांढऱ्या पेशी येतच राहतात, कात्री चालतच राहते, आणि बाजेची सुतळी एकेक पदर तुटत जाते. त्याच जागी इंटरल्यूकिन-१ बीटा आणि टीएनएफ-अल्फा ही आणखी दोन प्रथिनं वाढतात. ती हाड विरघळवणाऱ्या पेशींना जागं करतात.

कडब्याच्या गंजीला आग लागली तर शेजारची गंजी वाचवायला आपलीच माणसं आपल्याच हातानं कडबा उपसून फेकतात. नुकसान आगीनं होतं, तसं त्या धावपळीनंही होतं. हिरड्यांच्या आजारात हाड खाणारा बाहेरून आलेला किडा नसतो, आपल्याच शरीराची ही धावपळ असते. म्हणून डॉक्टर लोकांना या प्रथिनांत रस. धावपळ किती चालली आहे ते त्यांच्यावरून मोजता येतं.

आणि धावपळ प्रत्येकाच्या शरीरात सारखी नसते. हॅराल्ड ले नावाच्या दंतशास्त्रज्ञाने श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांवरच्या ४८० मजुरांना १९७० पासून पंधरा वर्षं पुन्हा पुन्हा तपासलं. त्या माणसांना ब्रश माहीत नव्हता, दातांचा डॉक्टर माहीत नव्हता. सगळ्यांच्या दातांवर घाण आणि किटण होतं, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरीही सुमारे ८ टक्के लोकांचे दात झपाट्यानं सैल होत गेले, ८१ टक्क्यांचे हळूहळू, आणि ११ टक्के लोकांत आजार सुजेच्या पुढे गेलाच नाही. १९८६ साली हे छापून आलं. आपल्या गावातही हेच दिसतं. एक म्हातारा काडीनं दात घासून ऐंशीव्या वर्षी ऊस सोलून खातो, आणि त्याच्याच भावाचे दात पन्नाशीत जातात. लोक म्हणतात नशीब. शरीराची ती धावपळ ज्याची त्याची वेगळी असते, एवढंच खरं. तंबाखू आणि वाढलेली शुगर या दोन गोष्टी माणसाला त्या ८ टक्क्यांकडे ढकलतात, आणि तुमच्याकडे दोन्ही होत्या. आता एकच आहे, हे तुम्ही मिळवलेलं आहे.

आता लाळेची टेस्ट. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली टेस्ट बहुधा एमएमपी-८ चीच असेल. पाण्यानं चूळ भरायची, ते पाणी एका पट्टीवर टाकायचं, काही मिनिटांत रेघ उमटते. गरोदरपणाच्या पट्टीसारखंच. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात यावर पुष्कळ काम झालं, आणि काम चांगलं आहे. ही टेस्ट फसवी आहे असं मी म्हणणार नाही. पण ती काय सांगते आणि काय सांगत नाही, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका.

या क्षणी तोंडात कात्री चालू आहे की नाही, हे ती सांगते. कुठल्या दातापाशी चालू आहे, ते सांगत नाही. आजवर किती हाड गेलं, तेही नाही. आणि हिरडीची नुसती वरवरची सूज, जी नीट घासल्यानं आठ-पंधरा दिवसांत जाते, तिच्यातही ती वाढलेली दिसू शकते. तुमच्या हिरड्यांतून रोज रक्त येतं आहे. दाह आहे हे ब्रशवरच दिसतंय. तेच पट्टीवर पाहायला पैसे कशाला?

त्याऐवजी दातांच्या डॉक्टरांना पॉकेटचं माप घ्यायला सांगा. एक बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते. दात आणि हिरडी यांच्यातल्या फटीत ती हलकेच घालून खोली मोजतात, एका दाताभोवती सहा ठिकाणी. २८ दात असतील तर १६८ आकडे होतात. वेळखाऊ काम आहे, म्हणून गर्दीच्या दवाखान्यात टाळलं जातं. पण खरी परीक्षा हीच. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. ४-५ म्हणजे आजार रुजतोय. ६ किंवा जास्त म्हणजे तिथं ब्रश पोचत नाही आणि साध्या सफाईनंही भागणार नाही. सोबत हाड किती उरलंय ते दाखवणारे एक्स-रे. २०१८ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून हिरड्यांच्या आजाराची जी वर्गवारी छापली, तिचा पाया आजही हीच मापं आहेत. लाळेतल्या आणि रक्तातल्या प्रथिनांसाठी तिच्यात पुढं भर घालायला जागा ठेवलेली आहे, पण आजार ठरतो तो मापावर. त्याच वर्गवारीत तीन महिन्यांची शुगर ७ किंवा त्याहून जास्त असेल तर आजार झपाट्यानं वाढणारा धरा, असं म्हटलं आहे. तुमची ८.४ आहे. तेव्हा हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका.

लाळेची टेस्ट निरुपयोगी आहे का? नाही. उपचार झाल्यावर, सूज उतरल्यासारखी दिसत असताना, आत अजून काही धुमसतंय का आणि तुम्हाला तीन महिन्यांनी बोलवायचं की सहा, हे ठरवायला ती मदत करू शकते. तेव्हा परवडली तर करा. मात्र हातात मोजके पैसे असतील, आणि अंगणवाडीच्या मानधनात ते मोजकेच असतात हे मला माहीत आहे, तर आधी पॉकेटचं माप, एक्स-रे आणि सफाई यांवर घाला.

आता शेजारच्या काकूंचं म्हणणं. त्यांच्या मालकांचे दात सफाईनंतर हलले, यावर माझा विश्वास आहे, असं खरोखर घडतं. पण सफाईनं हलले नाहीत. वर्षानुवर्षांचं किटण दातांच्या मुळाशी साचून दगडासारखं कडक होतं. शेजारचे दात एकमेकांना जोडून टाकतं. आतलं हाड गेलेलं असतं, आणि दात त्या किटणाच्या टेकूवर उभे असतात. टेकू काढला की खरी परिस्थिती दिसते. शिवाय सूज उतरल्यावर हिरडी आकसते, दातांमध्ये फटी दिसतात, गार पाण्यानं काही दिवस शिवशिवतं. लोकांना वाटतं डॉक्टरनं दात घासून बारीक केले. हे सगळं आधी समजावून सांगायचं काम आम्हा डॉक्टरांचं, आणि ते आम्ही पुष्कळदा करत नाही. त्या काकूंनाही कुणी सांगितलं नसणार.

आणखी एक समज आपल्या भागात पक्का आहे, की बोअरच्या जड पाण्यानं दातांवर किटण चढतं, म्हणून साफ करून उपयोग नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हापासून पाण्याबद्दलची कुठलीही गोष्ट आपल्याला पटकन खरी वाटते. पण किटण बनतं ते आपल्याच लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटपासून, दातांवर राहून गेलेल्या चिकट थरात. थर रोज काढला तर चढायला जागा मिळत नाही.

सफाईला जाताना एवढं बघा. सकाळची वेळ घ्या. नाश्ता करून आणि शुगरची गोळी वेळेवर घेऊनच जा, उपाशी अजिबात नको. सगळ्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनानं बंद करू नका, फक्त आधी सांगा. बीपीसाठी अम्लोडिपिन चालू असेल तर तेही सांगा, त्यानं काही जणांच्या हिरड्या फुगतात. पॉकेट खोल निघाली तर मुळापर्यंतची सफाई दोन-तीन बैठकांत, भूल देऊन करतात.

सफाई झाल्यावर लगेच सीआरपी तपासू नका, ही माझी कळकळीची विनंती. २००७ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १२० रुग्ण होते. ज्यांच्या सगळ्या तोंडाची खोल सफाई एकाच वेळी केली, त्यांचा सीआरपी दुसऱ्या दिवशी उलट चांगलाच वाढला होता आणि रक्तवाहिन्याही नेहमीइतक्या नीट फुलत नव्हत्या. सहा महिन्यांनी त्याच लोकांच्या रक्तवाहिन्या साधी सफाई केलेल्या लोकांपेक्षा चांगल्या काम करत होत्या. मुलगा काळजीपोटी तिसऱ्या दिवशी तुम्हाला लॅबमध्ये घेऊन गेला, तर वाढलेला आकडा बघून पुन्हा घाबरेल. त्याला हा परिच्छेद वाचायला द्या.

तीन महिने थांबा. मग शुगर आणि सीआरपी एकत्र तपासा. शुगर यासाठी, की हिरड्यांचा दाह आणि शुगर एकमेकांना खतपाणी घालतात. शुगर वाढली की हिरडीतली धावपळ वाढते, आणि त्या धावपळीतली टीएनएफ-अल्फासारखी प्रथिनं इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात. हिरड्यांचे नीट उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत ही तीन महिन्यांची शुगर सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास उतरते, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे तुमची ८.४ ची ८ होऊ शकते. गोळ्या, चालणं, जेवण हे सगळं चालू ठेवूनच. मला विचाराल तर तुमच्या बाबतीत सीआरपीपेक्षा हा आकडा जास्त महत्त्वाचा आहे. मुलगा सीआरपीला घाबरला, घाबरायला हवं होतं ८.४ ला.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणजे आजार गेला का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. नाही. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिनच्या गोळ्या सुरू केल्या तरी सीआरपी उतरतो. मेडिकलमधून मनानं अँटिबायोटिक आणून घेतलं तर चार दिवस सूजही उतरते, रक्तही थांबतं, आणि किटण मात्र जागच्या जागी असतं. उलट ज्यांचं अर्धं हाड आधीच गेलंय आणि आता आग थंडावली आहे, अशा लोकांचा सीआरपी अगदी नॉर्मल असू शकतो. गेलेलं हाड बहुतेक वेळा परत भरून येत नाही. आजार आटोक्यात आहे, असं तुमच्या डॉक्टरांनी पुन्हा सळई घालून माप घेतल्यावर म्हणायचं : पॉकेट ४ मिलिमीटरच्या आत आली आणि सळई लावल्यावर रक्त येत नाही. त्यानंतरही दर तीन-चार महिन्यांनी दाखवत राहायचं.

घरी काय करायचं ते तुम्ही लेकरांना शिकवताच. मऊ ब्रश, दिवसातून दोनदा, त्यातलं एकदा रात्री झोपण्याआधी. ब्रशचे केस दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तिरके टेकवा आणि जागच्या जागी हलकेच हलवा. रक्त येतं म्हणून तो भाग सोडू नका, तिथंच जास्त गरज आहे. दातांच्या फटीत घालायचा छोटा ब्रश मिळतो, तो रोज एकदा फिरवा. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, जरूर करा, पण त्यानं किटण निघत नाही. लाल मंजन बोटानं खसाखसा घासू नका. कडुलिंबाची काडी आवडत असेल तर चावून मऊ करून वापरा, सांध्याची सफाई मात्र ब्रशनंच. डॉक्टरांनी क्लोरहेक्सिडिनचं चूळ भरायचं औषध दिलं तर सांगितलेत तेवढेच दिवस वापरा, त्यानं दातांवर तपकिरी डाग पडतात. ज्या ले यांचं मघाशी सांगितलं, त्यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये १२ धडधाकट माणसांना दात घासणं बंद करायला लावलं होतं. तीन आठवड्यांच्या आत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठ-दहा दिवसांत बऱ्या झाल्या. वरवरची सूज इतक्या लवकर ऐकते. मुरलेला आजार इतक्यात ऐकत नाही, पण तिथंही सुरुवात ब्रशपासूनच होते.

खर्च झेपत नसेल तर खासगी दवाखान्यातच जायला हवं असं नाही. लातूरला दंत महाविद्यालय आहे, छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग असतो. शिकणारे डॉक्टर वेळ देऊन एकेका दाताचं माप घेतात आणि वरिष्ठ ते तपासतात. केसपेपर काढताना ‘हिरड्यांच्या विभागात दाखवायचंय’ असं सांगा.

जाताना सासूबाईंनाही सोबत न्या. त्या अजून मशेरी लावत असतील तर त्यांच्या गालाची आतली बाजू आणि ओठ-हिरडीमधला खळगा डॉक्टरांना नीट बघायला सांगा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, तोंड पूर्वीइतकं न उघडणं, यातलं काही असलं तर एक दिवसही थांबू नका. त्यांना रागावू नका, ताई. मशेरी त्यांनाही कुणीतरी सासरीच शिकवली असेल.

पॉकेटच्या मापाचा जो तक्ता मिळेल, त्याचा फोटो काढून ठेवा. तीन महिन्यांनी माप पुन्हा होईल, तेव्हा जुना तक्ता, नवा तक्ता आणि शुगरचा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवा, आणि काय दिसतंय ते मला लिहून कळवा. मी वाट बघते.

– तुमची डॉक्टर ताई